आतल्या खोलीचा एसी

आमच्या बिल्डिंगमध्ये पहिला एसी आमच्याकडे लागला, आणि तोही स्प्लिट. महाडात तेव्हा एसी म्हणजे एखाद्या बँकेत नाहीतर एमआयडीसीतल्या साहेबांच्या केबिनमध्ये. आमच्यासारख्यांच्या घरात कुठला? त्यामुळे जिन्यात भेटेल ती बाई म्हणायची, "मजा आहे बाई तुमची!" एकदोघींना मी हसून टोलवलं. पुढच्या बाईला म्हटलं, "या की वर, दाखवते मजा." ती पुन्हा त्या विषयावर बोलली नाही. माझ्या तोंडाला तसे सगळेच वचकून असायचे, वर्गातल्या पोरांपासून हेडमास्तरांपर्यंत.

मजा काय होती ते सांगते. माझे यजमान इथल्याच एका कारखान्यात होते. दिवाळीनंतर तिथे वाफेची नळी फुटली आणि हे नेमके समोर सापडले. मान, छाती, पाठ, दोन्ही दंड. मुंबईच्या हॉस्पिटलात मांड्यांची कातडी काढून वर लावली. घरी आलो तेव्हा शिमगा होऊन गेला होता. येताना डॉक्टरांनी एक सदरा दिला. मापाने शिवलेला, अंगाला ताणून घट्ट बसणारा, कॉलर थेट हनुवटीपर्यंत, चेन पाठीवर. अंघोळीपुरता काढायचा, बाकी दिवसरात्र अंगात, वर्षभर. का, तर जळलेली कातडी भरून येताना जाड होते आणि आकसत जाते. सदऱ्याने ती दाबून धरली नाही तर मान पुढे ओढली जाते आणि हनुवटी छातीला चिकटते. डॉक्टरांनी स्वतःची मान तशी खाली घालून दाखवली होती. ते बघितल्यापासून माझ्या डोक्यात दुसरं काही राहिलंच नाही. सदरा अंगावर राहिला पाहिजे, बस्स.

आणि सदरा काही राहत नव्हता. लावलेल्या कातडीला घाम येत नाही, हे मला आधी कुठे माहीत होतं? घाम नाही म्हणजे आतल्या उष्णतेला बाहेर पडायला वाटच नाही. त्यात आमचं घर वरच्या मजल्यावर, स्लॅबखाली. पुराच्या भीतीने वरचं घर घेतलं, ते उन्हाळ्यात असं अंगावर आलं. दुपारी ह्यांचा चेहरा लालबुंद व्हायचा, धाप लागायची. "काढ गं, जीव जातोय माझा," म्हणायचे. मी म्हणायची, "थोडी कळ काढा हो." मग स्वतःच चेनीकडे हात न्यायला बघायचे. दंड वर उचलत नव्हते, हात पाठीवर पोचणार कसा? पोचत नाही म्हणून लहान मुलासारखे रडायचे. शेवटी मीच काढायची. काढला की मानेवरचे वळ पहिल्यापेक्षा जाड लागायचे हाताला. रोज मी बोट फिरवून बघायची. मुंबईला फोन केला तर डॉक्टर म्हणाले, "खोली थंड ठेवा, नाहीतर पुन्हा ऑपरेशन." फोन ठेवून मी तिथेच बूथवर बसून राहिले. खोली थंड ठेवा म्हणे! महाडात, एप्रिलमध्ये!

आधी कूलर आणला. कूलर म्हणजे देशावरचं काम, कोरड्या हवेचं. आमच्याकडची हवा आधीच ओल्या फडक्यासारखी, त्यात हा आणखी पाणी सोडणार. भिंती ओल्या झाल्या, गाद्यांना वास यायला लागला, आणि हे तसेच तडफडत राहिले. तो परत नेऊन दिला. दुकानदार कुरकुरला, पण माझा अवतार बघून गपचूप घेतला मेल्याने.

खिडकीत बसणारा एसी मिळत होता, पण तो दिवसभर घरघरतो. आणि ह्यांना तर कुकरची शिट्टी झाली तरी कापरं भरायचं, उठून भिंतीला जाऊन चिकटायचे. घरात मी कुकर लावणंच सोडलं होतं, भात पातेल्यात शिजवायची. अशा माणसाच्या उशाशी कसलंही आवाज करणारं यंत्र ठेवायची माझी छाती नव्हती. स्प्लिटचा आवाज बाहेरच्या डब्यात असतो, आत नुसती हवा येते, असं कळलं. म्हणून स्प्लिट. हौस नव्हती ती.

तर सोसायटीचे चेअरमन आडवे आले. आमच्या थेट खालच्या घरात राहायचे. म्हणाले, "मॅडम, भिंतीला आरपार भोक पाडायचं म्हणजे गळतीला आमंत्रण. आणि तुमच्या मशीनचं पाणी आमच्या गॅलरीत ठिबकणार. मीटिंग घ्यावी लागेल."

"कधी घेताय?"

"पावसाळ्यानंतर असते ना आपली."

माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "चला वर. हा नियम तुम्ही स्वतः त्यांना समजावून सांगा, मला नाही जमत." जवळजवळ ओढतच आणलं त्यांना. ते आमच्या हॉलमध्ये चपला काढेपर्यंत आतून ह्यांचं कण्हणं ऐकू आलं. कण्हणं कसलं, घसा बसलेल्या माणसाने ओरडायचा प्रयत्न करावा तसा आवाज. चेअरमन उभ्या उभ्या पांढरे पडले. "पाण्याची नळी तेवढी तळापर्यंत न्या," एवढंच म्हणाले आणि चपला हातात घेऊनच खाली उतरले. त्या माणसावर राग धरायलासुद्धा मला वेळ नव्हता.

स्प्लिट बसवणारा माणूस महाडात मिळेना. दुकानदाराने खेडचा एक मेकॅनिक ठरवला. तो सकाळी निघाला आणि कशेडी घाटात ट्रक आडवा झाला. झालं! घाटाच्या त्या बाजूला तो, ह्या बाजूला आम्ही. दिवसभर मी गॅलरीत उभी राहून रस्त्याकडे बघत होते. आत हे ओली चादर अंगावर घेऊन पडलेले, सदरा खुंटीला. माणूस आला तेव्हा उन्हं कलली होती. त्याने ड्रिल काढलं तसं माझ्या लक्षात आलं की ह्या आवाजाचा विचार मी केलाच नव्हता. ह्यांना स्वयंपाकघरात नेलं, कानात कापूस घातला, वरून माझे दोन्ही हात दाबून धरले. भिंतीतून भोक आरपार होईपर्यंत ते माझ्या पोटात डोकं खुपसून थरथरत होते आणि मी मनात म्हणत होते, लागू दे, एकदाचा लागू दे.

बाहेरचा डबा मागच्या गॅलरीलगत, पश्चिमेच्या भिंतीवर बसवला. माणसाला उभं राहून काम करता येईल अशी तेवढीच जागा होती. आत पांढरा लांबट डबा, मधून तांब्याची नळी. सगळं जोडून झालं आणि लाइट गेली. भारनियमनाची वर्षं ती. मेकॅनिक म्हणाला, "ताई, आता लाइट आल्याशिवाय काय कळणार नाय." चहा पीत अंधारात बसलो. लाइट आली, त्याने बटण दाबलं, आणि हळूहळू गार हवा यायला लागली. हे खाटेवर बसून होते. कितीतरी वेळ तोंड वर करून बसले आणि मग स्वतःहून म्हणाले, "आण तो सदरा." मी चेन लावली. ते सदऱ्यासकट झोपले. घोरले! मी खाली फरशीवर बसून तोंडात पदर कोंबून रडले.

त्यानंतर मे महिना कसाबसा निभला. लाइट जायची तेवढे तास ओले पंचे आणि हातातला पंखा, बाकी खोली बंद आणि एसी चालू. मानेवरचे वळ वाढायचे थांबले. मला वाटलं, आता सुटलो.

शाळा सुरू व्हायची वेळ आली तेव्हा सासऱ्यांना बोलावून घेतलं. सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली होती. सासरे पोलादपूरकडे आंबेनळी घाटाच्या पायथ्याला आमच्या गावी राहायचे, शेतावर. पेरणी पुतण्यावर सोपवून आले बिचारे. पण आमच्या घरात त्यांना काम काय? ह्यांनी मला बजावून ठेवलं होतं, "बाबांसमोर चेन उघडायची नाही." हॉस्पिटलात त्यांनी मुलाला बँडेजात बघितलेलं, घरी सदऱ्यात. मधलं काही बघितलंच नव्हतं, आणि ह्यांना ते दाखवायचं नव्हतं. सदरा घालायचा-काढायचा तो दार लावून, मी एकटीने. सासरे हॉलमध्ये पाहुण्यासारखे टेकून बसायचे. आयुष्यभर नांगर धरलेला माणूस. म्हणायचे, "काय काम दे गो मला, हात आंबलं माझं." मी लसूण सोलायला द्यायची.

पावसाची पहिली सर येऊन गेली आणि मग पावसाने दडी मारली. आमच्याकडे ते दिवस मे महिन्याहून वाईट. वारा नाही, नुसती घुसमट. अशा एका रविवारी एसी फुसका झाला. हवा येत होती, पण कोमट. मी बटणं दाबली, स्टॅबिलायझर बंद करून चालू केला, बूथवर जाऊन खेडला फोन लावला तर कुणी उचलेना. हे आत तापायला लागले. सदरा काढला. खाटेवर पालथे पडून म्हणाले, "संपलं बघ. आता नाही माझ्याच्याने होत." मी ओले पंचे वाळत टाकायला मागच्या गॅलरीत गेले, तर समोर काय? बाहेरचा डबा निळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला. वरून, खालून, चारी बाजूंनी, दोरीने करकचून, कुठे फट नाही. हात लावला तर चटका बसला.

कळायला क्षणही लागला नाही. गावाकडे पावसाळ्याच्या तोंडावर हेच तर काम असतं. पडवीची पश्चिमेची बाजू, लाकडं, पेंढा, सगळं प्लास्टिकने बांधून काढायचं, पाऊस त्याच बाजूने झोडपतो म्हणून. सासऱ्यांनी एवढी महागाची वस्तू पश्चिमेला उघडी टांगलेली बघितली आणि आगोटीचं काम म्हणून बांधून टाकली. डबा आतली उष्णता बाहेर फेकतो, त्याला मोकळी हवा लागते, हे त्यांना कोण सांगणार? आम्ही कुणीच सांगितलं नव्हतं.

सासरे बाजारात गेले होते. मी सुरीने दोऱ्या कापल्या, प्लास्टिक ओढून काढलं, थोड्या वेळाने गारवा परत आला. ह्यांना सांगितलं तर ते हसले. कित्येक महिन्यांनी हसले. मग म्हणाले, "बाबांना बोलू नकोस."

"अहो, बोलू नको काय? पुन्हा बांधतील."

"आल्यापासून पहिल्यांदा त्यांनी आपणहून काही केलंय इथं. वाऱ्याने उडालं सांग."

मला पटलं नव्हतं. पण हसलेला माणूस समोर होता, त्याचं मन मोडवेना. संध्याकाळी सासऱ्यांनी विचारलं तेव्हा हे खोलीतूनच म्हणाले, "वाऱ्याने उडालं बाबा." सासरे नुसते "हं" म्हणाले. वारा कुठे होता त्या दिवशी! पण शेतकरी माणसाने मुलाचा शब्द खरा मानला.

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले. सासरे हॉलमध्ये बसलेले, चेहरा प्रसन्न. "झोपलाय निवांत," म्हणाले. "आज आवाज सुदा नाय त्याचा." मी पर्स ठेवली आणि आतल्या खोलीचं दार उघडलं. अंगावर धग आली. भट्टीचं दार उघडावं तशी. खिडक्या बंद, डोक्यावर पंखा गरम हवा ढवळतोय, आणि हे सदऱ्यात, खाटेवर उताणे. चेहरा जांभळट लाल, ओठ फुटलेले, डोळे अर्धवट उघडे, काहीतरी बरळत होते. मला ओळखलं नाही.

मी किंचाळले. त्यांना कुशीवर लोटलं, चेन ओढली, ती अडकली, दातांनी ओढली. तांब्यातलं पाणी, मडक्यातलं पाणी, सगळं अंगावर ओतलं. सासरे धावत आले आणि दारातच थिजले. मुलाची उघडी पाठ ते पहिल्यांदा बघत होते.

"बघत काय राहिलात? तुमचं ते प्लास्टिक काढा आधी!" मी ओरडले. "त्याला हवा लागते हो, हवा! कोंडलंत तुम्ही त्याला! मारताय तुम्ही आपल्या पोराला!"

त्यांना सगळं उमगलं नसेल, पण 'प्लास्टिक' आणि 'पोर' एवढं उमगलं. गॅलरीत धावले. आदल्या दिवशीचं 'वाऱ्याने उडालं' म्हणून त्यांनी ह्या वेळी नायलॉनची दोरी आणली होती आणि गाठीवर गाठ मारली होती. स्वतःच्याच गाठी सुटेनात. नखांनी ओढत होते, पुटपुटत होते, "आई गो, आई गो." शेवटी सुरी घेऊन कापल्या, बोटंही कापून घेतली. आमच्या आळीतले डॉक्टर आले, सलाइन लावली. दिवेलागणीला ह्यांनी मला नावाने हाक मारली तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

नंतर विचारलं, तर सगळं माहीत होतं ह्यांना. दुपारी गॅलरीत बाबा दोरी आवळताहेत हे त्यांनी पडल्या पडल्या ऐकलं होतं. हवा कोमट झाली तेव्हाच समजले होते. एक हाक मारली असती तर भागलं असतं. पण हवा पुन्हा गार व्हायची तर प्लास्टिक काढायला बाबांना सांगायला लागणार, आणि सदरा काढायचा तर चेन उघडायला बाबांनाच बोलवायला लागणार. दोन्ही नको म्हणून हा माणूस तसाच पडून राहिला! एरवी घटकाभर सदरा सोसत नव्हता तो.

"तू त्यांना बोलायला नको होतंस," ते म्हणाले.

"बोलले. आणि वेळ आली तर पुन्हा बोलेन," मी म्हटलं. "मान वाचवायला निघालोय आपण, आणि तुम्ही जीव घालवत होतात. कुणाच्या मनासाठी? ते बाप आहेत तुमचे, पाहुणे नाहीत." ते भिंतीकडे तोंड करून पडले.

सासऱ्यांचं मात्र वेगळंच झालं. त्या दिवसानंतर ते घरातल्या कुठल्याच वस्तूला विचारल्याशिवाय हात लावेनात. "पंखा लावू काय गो?" "खिडकी उघडली तर चालंल?" "हा पेला घेऊ?" पाण्याच्या पेल्यासाठीसुद्धा! कापलेल्या बोटांना चिंध्या बांधून, हात मांडीवर ठेवून बसायचे. मला ते बघवेना. "बाबा, घर तुमचंच आहे हो," मी म्हणायची. ते मान हलवायचे आणि पुन्हा विचारायचेच. गावी जातो असं म्हणाले नाहीत, पण पिशवी भरून दाराशी ठेवलेली मला दिसत होती.

असेच दोन-चार दिवस गेले असतील. सकाळी ह्यांची अंघोळ झाली, एसी लावला, मी सदरा अंगात चढवत होते. आजारपणाने अंग सुजलं होतं, सदरा दाटून बसला होता. दोन्ही बाजू ओढून धरायला एक माणूस हवा होता, मग चेन वर सरकली असती. मी एकटी घामाघूम झाले. दार नुसतं लोटलेलं होतं. बाहेरून आवाज आला.

"मी धरू काय गो?"

मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांची पाठ दाराकडे होती. त्यांनी खाटेची कड घट्ट धरली. मग म्हणाले, "या बाबा."

सासरे आत आले. खाटेच्या कडेला टेकले, पण हात पुढे येईना. "लागंल त्याला," मला म्हणाले.

"लागत नाही बाबा," हे म्हणाले. "तिथं मला काही कळतच नाही."

सासऱ्यांनी चिंध्या बांधलेला हात हळूच पाठीवर टेकवला. "हितं?"

"नाही."

हात वर सरकला, खांद्याकडे. "हितं कळतं काय रे?"

"नाही बाबा."

मानेच्या जाड वळांवरून हात हळूहळू वर गेला, केसांपाशी आला, कानामागे थांबला. "आन हितं?"

"हो. तिथं कळतं."

सासऱ्यांनी हात तिथेच ठेवला आणि बसून राहिले. शाळेची वेळ होऊन गेली होती आणि चेन लावायची तशीच होती.